कामाची इच्छा

त्या वर्षांत मी सौंसरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते, आणि आसपासच्या खेड्यांत लोक मला 'ऑपरेशनवाली बाई' म्हणत. कुटुंबनियोजनाचं काम माझ्याकडे होतं. नसबंदीचं शिबिर जवळ आलं की मी बोरगाव, मोहगाव आणि मधल्या वस्त्यांमधून घरोघर फिरायची. मला वस्तीच्या तोंडाशी पाहिलं की काही पुरुष माणसं उठून सरळ वावराकडे निघून जात. मला त्याचं वाईट वाटत नसे. माझे आईवडील दोघंही दुसऱ्याच्या वावरात मजुरी करणारे. मी शिकले, पांढरी साडी नेसून नोकरीला लागले, आमच्या वस्तीतली तशी पहिलीच. लोक पळतात म्हणजे निदान ओळखतात, असं मी नवऱ्याला म्हणायची.

ऐंशीचं दशक अर्धं सरत आलं होतं. नागपूरचा एक तरुण डॉक्टर महिन्यातल्या एका रविवारी पांढुर्ण्याला येऊ लागला. मेंदूच्या आणि नसांच्या आजारांचं तो पुढचं शिक्षण घेत होता. तिथल्या एका खाजगी दवाखान्याची मागची खोली त्याला मिळाली होती. हात थरथरणं, अंग ताठ होणं, पावलं बारीक पडून पाय घासत चालणं, अशा रोग्यांना तो पाहायचा. पुस्तकात या आजाराला पार्किन्सन म्हणतात. आमच्याकडे कोणी कंपवात म्हणे, बाकीचे सरसकट लकवा म्हणून मोकळे होत.

आमचे सौंसरचे मोठे डॉक्टर त्याच्या ओळखीचे. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "सिस्टर, त्याला एका बाईची मदत पाहिजे. विषय नाजूक आहे. तुम्हाला सवय आहे विचारायची."

विषय काय, ते प्रश्नांचा फॉर्म हातात आल्यावर कळलं. फॉर्म परदेशातून आलेला होता. तेच प्रश्न निरनिराळ्या देशांतल्या रोग्यांना विचारायचे आणि उत्तरं एकमेकांशेजारी ठेवून पाहायची, असं ते काम होतं. डॉक्टरच्या नागपूरच्या सरांनी त्याचं मराठी करून दिलं होतं. या आजारानं नवराबायकोच्या अंगसंबंधावर काय परिणाम होतो, हे त्यात विचारायचं होतं.

डॉक्टर मूळचा पुण्याकडचा, शब्द तोलून बोलणारा. मला म्हणाला, "आम्ही विचारत नाही म्हणून पेशंट सांगत नाहीत. ते सांगत नाहीत म्हणून आम्ही समजतो, असं काही नसतंच."

मला ते पटलं. फॉर्म घरी आणून मी नवऱ्याला दाखवला. तो वीज कार्यालयात कारकून होता, शांत माणूस. दोन प्रश्न वाचून त्यानं कागद माझ्याकडे परत दिला.

"हे तू लोकायले विचारणार?"

"हो."

"अन् लोक सांगून राहिले तुले."

पहिल्या रविवारी मी सकाळच्या बसनं पांढुर्ण्याला गेले. त्या दिवशी डॉक्टर प्रश्न विचारत होता आणि मी उत्तरं लिहीत होते. पहिला रोगी बाजारातला किराणा दुकानदार. वय साठीच्या घरात, उजवा हात मांडीवर ठेवला तरी थरथरत राहायचा. माझी साडी पाहून त्यानं बसायच्या आधीच सांगून टाकलं, "बाई, माझं ऑपरेशन झालं हाय. कार्डबी हाय घरी."

मी सांगितलं की आज त्यासाठी नाही. तो थोडा सैल झाला. डॉक्टरनं फॉर्मवरचं वाचलं, "आपल्या कामेच्छेत घट झाली आहे काय?"

दुकानदारानं विचार केला. "नाही जी. कामाची इच्छा पयल्यासारखीच हाय. सकाळी दुकान मीच उघडतो."

"आपल्या भागीदाराबरोबरच्या संबंधांत आपण समाधानी आहात काय?"

"भागीदार कोणी नाही, साहेब. दुकान माझ्या एकट्याचंच हाय."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी काय लिहावं ते मला कळेना. शेवटी पहिल्यापुढे 'घट नाही' लिहिलं आणि दुसऱ्यापुढे रेघ ओढली. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण मी सौंसरची नर्स, तो नागपूरचा डॉक्टर, आणि कागद विलायतेचा. मी गप्प बसले.

दुपारी एक मास्तर आले. पांढुर्ण्याच्याच शाळेत मराठी शिकवत. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, धोतर-सदरा स्वच्छ, आवाज मात्र इतका खाली गेलेला की कान द्यावा लागे. चेहऱ्यावर काही हलत नव्हतं. आमच्याकडे ते भिंतीवरच्या तसबिरीसारखे पाहत होते. हा आजाराचाच भाग, चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, असं डॉक्टरनं मला सकाळी समजावून सांगितलं होतं. फॉर्मवर त्यासाठी एक ओळ होती. मी तिथे खूण केली.

डॉक्टरनं तोच प्रश्न विचारला. मास्तर फॉर्मकडे पाहत म्हणाले, "कामाची इच्छा पुष्कळ आहे. फळ्यावर लिहायला हात चालत नाही, एवढंच."

मी पुन्हा लिहिलं, 'घट नाही'.

बाहेर बाकावर त्यांची बायको बसली होती. हिरवं लुगडं, हातात पाण्याची बाटली आणि मास्तरांची काठी. मी बाहेर आले तशी ती म्हणाली, "मले काही विचाराचं नाही का?"

"फॉर्म पेशंटचाच आहे, बाई."

"बरं," ती म्हणाली. मुलगा सायकल घेऊन आला होता, त्याच्यासोबत तिनं मास्तरांना घरी लावून दिलं. स्वतः मात्र तिथंच बसून राहिली.

संध्याकाळी डॉक्टरनं फॉर्म चाळले. सगळ्यांवर एकच उत्तर, तक्रार नाही. तो समाधानानं म्हणाला, "पुस्तकात असंच लिहिलंय, सिस्टर. आपल्याकडे या वयात लोक यातून मन काढून घेतात. तिकडच्या लोकांना याचं दुःख होतं, इकडे होत नाही."

मी पिशवी उचलून बाहेर पडले. मास्तरांची बायको उठून माझ्यासोबत चालू लागली. बसस्टँडचा रस्ता मला ठाऊक होता, आणि तिचं घर दुसऱ्याच दिशेला होतं. थोडं पुढे गेल्यावर ती बोलली.

"बाई, हे माह्यावर रागावले हायेत. दोन वर्सं झाले. काय चुकलं ते सांगत नाहीत."

"रागावले कशावरून?"

"पयले मी भाकर थापतानी काई बोलली तं हसत. लय हसत. आता मी काईबी सांगितलं तं असे पाहतात, जसे भित्तीकडं पाहून राहिले. रात्री समोरच्या खोलीत झोपतात. एका दिवशी आपला बिछाना उचलला अन् गेले. कायले चालले म्हटलं, तं काई बोलले नाही." तिनं बाटली दुसऱ्या हातात घेतली. "मंग मीबी आतून कडी लावून घेतली. मले वाटलं, आपलं वय झालं. माणसाचं मन उठलं असन."

मी तिला सांगितलं की चेहरा ताठणं हा आजारच आहे, राग नाही. तिनं ऐकून घेतलं, पण तिला ते पुरतं पटलं नाही.

"तोंड ताठते, बरं. डोळे तं ताठत नाहीत ना?"

"डोळ्यांत पाहिलं का तुम्ही?"

"नाही," ती म्हणाली. "रुसलेल्या माणसाच्या डोळ्यात कोण पाहते?"

बोलण्याच्या नादात माझी शेवटची बस निघून गेली. डॉक्टर अजून सापडेल म्हणून मी स्टेशनवर गेले. डॉक्टर नागपूरच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसला होता. मी शेजारी बसले आणि सांगितलं, "डॉक्टरसाहेब, आपले सगळे फॉर्म चुकले."

त्याच्या कपाळावर आठी पडली. मी त्याला दुकानदाराची कामाची इच्छा आणि भागीदार समजावून सांगितला. तो ऐकत गेला तसे त्याचे कान लाल झाले. मग मास्तरांच्या बायकोचं बोलणं सांगितलं, तिचं नाव-गाव सोडून. पण कोण ते त्याला कळलंच.

"पण ते तर म्हणाले, घट नाही."

"त्यांनी फळ्याचं सांगितलं, साहेब. तुम्ही बिछान्याचं विचारलं होतं."

त्यानं बॅगेतून कोरा फॉर्म काढला, उलटा केला आणि पेन माझ्या हातात दिलं. "तुमच्याकडे कसं विचारतात ते लिहा."

आमच्याकडे विचारतच नाहीत, हे खरं उत्तर होतं. पण घरोघर फिरून मला एक गोष्ट कळली होती. बायका पोटाच्या दुखण्यावरून सुरू करतात आणि मग हळूहळू खऱ्या जागेवर येतात. मी म्हटलं, झोपेपासून सुरू करू. झोपता कुठं, जवळ कोण असते, कूस बदलता येते का, कोण बदलून देते. तिथून पुढे, पहिल्यासारखं जवळ यावंसं वाटते का, अन् आलं तं शरीर साथ देते का. भागीदार खोडून मी 'घरवाली' लिहिलं, बायकांसाठी 'घरचे'. आणि दोघांना वेगवेगळं विचारायचं. डॉक्टर मधूनमधून विचारत होता, हा शब्द अश्लील नाही ना, याला कुणी हसणार नाही ना. मी म्हटलं, हसले तर बरंच. गाडी आली तेव्हा कागदाची ती बाजू भरली होती. मी ओळखीच्या एका नर्सकडे मुक्काम केला आणि सकाळच्या बसनं सौंसरला आले.

मधल्या महिन्यात मी ते प्रश्न बोरगावच्या एका बाईवर वापरून पाहिले. ती आमच्याच समाजातली, विधवा, शेतमजूर, पांढुर्ण्याला डॉक्टरला दाखवून आलेली. तिची हनुवटी आणि डावा हात थरथरे. मूळ फॉर्मवर सूचना होती की रोगी विधवा किंवा विधुर असेल तर हा भाग सोडून द्यावा. मी झोपेचं विचारलं, कूस बदलण्याचं विचारलं आणि तिथेच थांबले. तीच म्हणाली, "पुढचं काहून नाही विचारत?"

मी म्हटलं, "पुढचं नवरा असलेल्यांसाठी हाय, मावशी."

"अस्सं." तिनं हात मांडीखाली दाबून धरला, म्हणजे तो थोडा स्थिर होई. "मालक जाऊन बारा वर्सं झाले. तवापासून कोणी हात धरला नाही. आता हात थरथरते तं तुमी धरून पाहता, तो डाक्टर धरून पाहते. बरं वाटते."

फॉर्मवर त्यासाठी जागा नव्हती. मी समासात लिहून ठेवलं.

दुसऱ्या रविवारी आम्ही नव्या प्रश्नांनी सुरुवात केली. पुरुषांना डॉक्टर विचारणार आणि बायकांना मी, असं ठरलं होतं. दुकानदार आला. डॉक्टरनं कागदावर पाहून आमच्या बोलीत विचारलं, "रात्री कूस बदलता येऊन राहिली का?" त्याच्या पुणेरी तोंडून ते इतकं विचित्र वाटलं की दुकानदार पोट धरून हसला. मग डोळे पुसत म्हणाला, "नाही जी. घरवाली बदलून देते." आणि तिथून तो बोलतच सुटला. मन होते, पण काही होत नाही. ते या थरथरीमुळं नाही, आधीपासूनच आहे, त्या दुसऱ्या गोळीपासून. दुसरी गोळी कोणती, म्हणून डॉक्टरनं खोदून विचारलं, तेव्हा कळलं की तो रक्तदाबाची एक गोळी कुणाच्या तरी सांगण्यावरून वर्षानुवर्षं घेत होता. डॉक्टरनं त्याची गोळी बदलून दिली. दोन महिन्यांनी तो दुकानातून उठून मुद्दाम आम्हाला चहा सांगायला आला. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मास्तर मात्र नव्या प्रश्नांनाही गप्प राहिले. कूस बदलता येत नाही, एवढं मान हलवून सांगितलं. पुढच्या प्रश्नाला खाली पाहत राहिले. डॉक्टर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता, ते त्यांना जड जात असावं. मी उठून जाऊ का म्हणून विचारलं. त्यांनी हातानं थांबवलं आणि पेन मागितलं.

या आजारात अक्षर बारीक होत जातं. पहिला शब्द वाचता येतो, मग ओळ मुंग्यांच्या रांगेसारखी आकसत जाते. मास्तर जवळजवळ पंधरा मिनिटं लिहीत होते. आम्ही दोघं खिडकीबाहेर पाहत बसलो. त्यांनी कागद पुढे सरकवला तेव्हा डॉक्टरला भिंग काढावं लागलं. तरीही त्याला ते आकसलेलं अक्षर लागेना, म्हणून मी वाचलं, हळू आवाजात.

लिहिलं होतं, कामेच्छा हा शब्द मला त्या दिवशीही कळला होता, मी मराठीचा मास्तर आहे. लपायला तो बरा पडला. इच्छा आहे. शरीर वेळेवर ऐकत नाही. लाळ गळते, घाम येतो, रात्री लाकडासारखा पडून असतो. तिला किळस येऊ नये म्हणून मी बाहेरच्या खोलीत गेलो. तिने आतून कडी लावली, तेव्हा वाटलं, बरं झालं वेळेवर उठून आलो.

शेवटची ओळ मी मनात पुन्हा एकदा वाचली. ती कडी मला दुसऱ्या बाजूनं ठाऊक होती.

डॉक्टर उठला. "त्यांच्या मिसेसना आत बोलावतो."

"थांबा साहेब," मी म्हटलं. "मास्तरांनी हे आपल्याला लिहून दिलं आहे, त्यांना नाही." मग मास्तरांकडे वळून विचारलं, "मास्तर, यातलं किती सांगू बाईंना?"

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "सगळं. तुम्हीच सांगा. मला वेळ लागेल."

बाहेर जाऊन मी त्यांच्या बायकोलाही तसंच विचारलं. तुम्ही मला रस्त्यात सांगितलं ते आत बोलू का? ती म्हणाली, "मी तं त्यासाठीच बसून राहिली होती त्या दिवशी."

मग आम्ही चौघं त्या मागच्या खोलीत बसलो. मी मास्तरांचा कागद वाचून दाखवला. वाचताना मी कुणाकडे पाहिलं नाही. कडीची ओळ आली तेव्हा बाईनं पदराचं टोक बोटाभोवती घट्ट गुंडाळलं. वाचून झाल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "मले वाटलं तुमी रागावले. मी रागानं लावली कडी. अन् तुमाले वाटलं मले किळस येते." तिचा आवाज चढला होता. "लेकराचं सारं आवरलं ह्या हातानं. मले लाळेची किळस येईन?"

मास्तरांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ती पुढे झुकली आणि त्यांच्या डोळ्यांत पाहू लागली, जसं विहिरीत वाकून पाहतात तसं. पाहता पाहता तिचा चेहरा बदलला.

"हसून राहिले का आता?"

"हो," मास्तर म्हणाले. "आतून."

डॉक्टरनं मग सावकाश समजावलं. चेहरा का ताठतो, रात्री अंग का जखडतं, लाळ का साचते. त्यासाठी काय करता येईल तेही सांगितलं. शेवटी विचारलं, "मास्तर, दिवसात तुमचं अंग सगळ्यात मोकळं कधी असतं?"

"गोळी घेतल्यावर तासाभरानं. दुपारी."

डॉक्टर पुढे काय बोलावं म्हणून चाचपडत होता. मीच म्हटलं, "रात्रच पाहिजे असं कोणी सांगितलं आहे?"

बाईनं पदर तोंडावर ओढला. मास्तरांचे खांदे हलू लागले. मला आधी वाटलं थरथर वाढली. मग लक्षात आलं, ते हसत होते.

"आणि यात पास-नापास नाही, मास्तर," डॉक्टर म्हणाला. "शेजारी पडलात, हात धरला, तेवढ्यानंही पुष्कळ होतं. त्याच्या पुढचं जमलं तर जमलं."

बाई पदराआडून म्हणाली, "पण दुपारी घरात सून असते, नातवंडं असतात. दार कसं लावाचं?"

याला पुस्तकात उत्तर नव्हतं. त्या दिवशी ते तसंच राहिलं.

पुढच्या महिन्यात मास्तर आले, तेव्हा त्यांचा सदरा तसाच स्वच्छ होता, पण काठी त्यांच्या स्वतःच्या हातात होती. बाईला मी बाजूला घेऊन विचारलं, कसं काय आहे. ती फार गंभीरपणे म्हणाली, "बाई, बगीच्यात वांदरं लय झाले. संत्रा फोडून टाकतात. आमी दोघं दुपारी राखाले जाऊन राहिलो."

तिगावच्या रस्त्याला त्यांची थोडी संत्र्याची झाडं होती आणि तिथे राखणदारासाठी बांधलेली एक झोपडी. मुलगा त्यांना बैलगाडीनं सोडून देई आणि चार वाजता घ्यायला येई. त्याला काय वाटत होतं देव जाणे. पण आई आता गाणं गुणगुणत भाकरी थापते, एवढं त्यानं आपल्या बायकोला सांगितलं होतं, आणि तिनं मला.

"माकडं पळतात का मग?" मी विचारलं.

"कधी पळतात," ती म्हणाली. "कधी आमी झोपून जातो अन् ते संत्रा खाऊन जातात. खाऊ दे."

फॉर्मवर एक प्रश्न होता, महिन्यातून किती वेळा. डॉक्टरनं पेन उचलून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिहा, बाग राखायला जातात." त्यानं तसं लिहिलं नाही, पण जागा कोरी ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर मोठ्यानं हसला.

त्यानं नागपूरला आपल्या सरांना सगळं सांगितलं. सर आधी चिडले, प्रश्न बदलले की उत्तरं इतर देशांशी जुळवता कशी येतील म्हणून. डॉक्टर म्हणाला, शब्द जुळले आणि अर्थ जुळला नाही तर काय जुळलं? बरेच दिवस त्यांच्यात कुरबुर चालली. शेवटी सरांनी परदेशात पत्र लिहून विचारलं. तिकडून उत्तर आलं की दुसऱ्या काही देशांतूनही असंच कळून राहिलं आहे, तुमचे प्रश्न आणि त्यांचा अर्थ पाठवा. ते पत्र मी पाहिलेलं नाही. पण डॉक्टर ते सांगायला पुढच्या महिन्याची वाट न पाहता आमच्या छोट्या लाईनच्या, अरुंद रुळांच्या गाडीनं सौंसरला आला होता. माझ्या घरी जेवला. बोरगावच्या विधवेचं ते समासातलं बोलणंही त्यानं पाठवलं होतं. एकट्या माणसांना सोडून देऊ नये, असं खाली स्वतः लिहिलं होतं.

माझ्या नवऱ्यानं त्या दिवशी वाढताना त्याला विचारलं, "मंग लोकायनं सांगितलं म्हणा."

"विचारता आलं म्हणून सांगितलं," डॉक्टर म्हणाला.

तो गेल्यावर आम्ही दोघं ओसरीवर बसलो. लग्नाला आमच्या आठ वर्षं झाली होती. दुसऱ्यांच्या बिछान्याचं इतकं विचारून आल्यावर मी नवऱ्याला एक साधी गोष्ट विचारली, जी कधी विचारली नव्हती. त्यानंही साधंच उत्तर दिलं. ते इथं लिहीत नाही. पण त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांशी जास्त बोलू लागलो, एवढं सांगते.

मास्तरांचा आजार थांबला नाही. तो थांबत नाही. पुढच्या वर्षांत गोळीचा असर लवकर उतरू लागला, त्यांनी शाळा सोडली, चालताना दाराच्या चौकटीत पाय चिकटून राहू लागले. बागेत जाणं कमी झालं, मग बंद झालं. पण मधली खोली त्यांनी दोघांसाठी करून घेतली. सुनेनंच सुचवलं, रात्री कूस बदलायला माणूस जवळ पाहिजे म्हणून. मी भेटायला गेले की बाई त्यांच्या शेजारी खाटेवर बसलेली असे. एका हातानं त्यांची हनुवटी पुसत ती माझ्याशी गप्पा मारत राही. एकदा मी काहीतरी विनोदाचं सांगितलं. ती मास्तरांकडे एक नजर टाकून मला म्हणाली, "हसले हे." मला काहीच दिसलं नव्हतं.

डॉक्टरचं शिक्षण संपलं आणि पांढुर्ण्याचा रविवार बंद झाला. रोगी मग माझ्याकडे येत, मी त्यांना नागपूरचा पत्ता देई. अशातच तिगावच्या एका घरातून निरोप आला. घरधन्याला तोच आजार, बायको कुणाशी बोलत नाही, दिवसभर चुलीपाशी बसून असते. मी मास्तरांच्या बायकोला सहज सांगितलं. ती म्हणाली, "मी येतो संग."

आम्ही दोघी पांढुर्ण्याहून पॅसेंजरनं तिगावला गेलो. घरात शिरताच मी सवयीनं पिशवीतून कागद काढला. ती बाई कागद पाहून भिंतीकडे वळून बसली. मास्तरांच्या बायकोनं माझ्या हातातला कागद घडी करून परत पिशवीत घातला.

"तुमी बाहेर बसा, बाई. च्या घ्या त्यायच्या संग."

मी बाहेर जाऊन बसले. घरधनी बाजेवर होता, त्याचा हात थरथरत होता. मी तो हातात घेऊन नाडी पाहिली. आतून मास्तरांच्या बायकोचा आवाज आला.

"तुमी त्यायच्या डोळ्यात शेवटचं कधी पाहिलं होतं?"

चुलीजवळचं भांडं सरकल्याचा आवाज आला. मग आतली बाई बोलायला लागली.